मतदार यादीत नाव लागलं, वडिलांच्या जागी गुरूचं नाव टाकून

मी तृतीयपंथी, पुण्यात गुरूंकडे राहते, आमच्यात आईवडिलांच्या जागी गुरूच. घर सुटलं तेव्हा अठरा पूर्ण नव्हती त्यामुळे यादीत नाव कधी लागलंच नाही. २०२४ च्या लोकसभेला ठरवलं की आता मत द्यायचंच.

टीजी कार्ड होतं, म्हणजे नॅशनल पोर्टलवर ॲफिडेव्हिट टाकून कलेक्टरकडून मिळालेलं तृतीयपंथी असल्याचं ओळखपत्र, त्यावरून आधारवर नाव बदललेलं, पत्ता मात्र गावचाच. पण अडलं ते मतदार नोंदणीच्या फॉर्मवर, नातेवाइकाच्या रकान्यात. ऑफिसात म्हणाले वडिलांचं नाव टाका आणि त्यांचं मतदार कार्ड आणा. अहो, ज्या घरातून मारून हाकललं तिथे कार्ड मागायला कुठल्या तोंडाने जायचं? आमच्यातले कितीतरी जण इथूनच परत फिरतात आणि मग यादीत आम्ही दिसतच नाही, पक्षवाले विचारतात तुमची मतं आहेत तरी किती.

मग एका संस्थेतल्या ताईंनी तोच फॉर्म, म्हणजे फॉर्म ६, नीट वाचून दाखवला. वडील, आई, नवरा, बायको, आणि तृतीयपंथी असेल तर गुरू, असं त्यात छापलेलंच आहे! मला तिथेच रडू आलं. गुरूंचं नाव टाकलं, त्यांच्या नावाचं लाइटबिल जोडलं, बीएलओ मॅडम, म्हणजे आमच्या भागातली मतदार यादी बघणाऱ्या, घरी येऊन बघून गेल्या, चहा पण घेतला त्यांनी, आणि नाव लागलं.

लिंगाच्या रकान्याशी मात्र खूप वेळ थांबले. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीत अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेवर ग्रामपंचायतीचा अर्ज भरला तर मतदार यादीत 'इतर' आहे म्हणून बाद केला, त्यांना औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं, कोर्टाने परवानगी दिली आणि २०२१ ला त्या निवडून आल्या. आपल्याकडे महापालिका, ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांना आहेत, आम्हाला एकही राखीव नाही. म्हणजे तृतीयपंथी लिहिलं तर उद्या उभं राहताना अडवतील, स्त्री लिहिलं तर आमच्या मोजणीतून एक कमी. मी तृतीयपंथी लिहिलं. पण असं निवडायला लागूच नये, आम्हाला राखीव जागा हव्यातच.

१३ मे ला मत दिलं. आता गुरुभाईंचे, म्हणजे त्याच गुरूंच्या बाकीच्या चेल्यांचे, फॉर्म भरतेय. अठरा पूर्ण झालेल्यांनी वर्षभर थांबू नका, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. आणि कोणी वडिलांचं कार्ड मागितलं तर फॉर्मवरचा गुरूचा रकाना समोर धरा.