तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सरमधून उठलेल्या मुलाला धावू द्यावं का?

"उपचार संपून वर्ष झालं, रिपोर्ट चांगले आहेत. आता पोरगा म्हणतो, कॅन्सरबद्दल लोकांना सांगायचंय आणि त्यासाठी दहा किलोमीटर धावायचंय. धावू द्यावं का?" आईवडील हे हमखास विचारतात. माझं उत्तर आहे, हो, जरूर. फक्त अंतर त्याच्या उत्साहावरून ठरवू नका, त्याच्या फाइलवरून ठरवा.

फाइल उघडून कोणती औषधं दिली ते आधी बघा. डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन असेल तर हृदयाच्या स्नायूला इजा झालेली असू शकते, आणि ती कधीकधी बऱ्याच वर्षांनी उघडी पडते. डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, किंवा छातीला रेडिएशन दिलेलं असेल, तर धोका वाढतो. सराव सुरू करण्याआधी टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून डॉक्टरांना दाखवा. "त्याला काहीच त्रास नाही" म्हणून एको टाळू नका, कारण सुरुवातीला त्रास होतच नाही.

व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध पायांच्या नसांवर परिणाम करतं. याचा अंदाज घरीही घेता येतो. मुलाला अनवाणी, फक्त टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. चवडे वर राहत नसतील, फटफट खाली पडत असतील, तर धावताना बोटं अडकून तो तोंडावर पडेल. आधी फिजिओथेरपी, मग धावणं. ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कॅन्सरसाठी) स्टिरॉइड्स बरेच दिवस घेतलेल्या मुलांमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. जांघ दुखायला लागली, मूल लंगडायला लागलं, तर "नवा व्यायाम आहे, दुखणारच" म्हणू नका. सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. साध्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही, एमआरआय लागतो. हाडाची गाठ काढून गुडघ्यात धातूचा सांधा बसवला असेल तर धावणं आणि उड्या सहसा नकोच, सांधा सैल होतो. अशा मुलाने सायकल चालवावी, पोहावं. लोक तेवढ्याच आस्थेने ऐकतात.

सरावात सगळ्यात जास्त घात करतो तो चांगला दिवस. पोराला बरं वाटतं, ते पाच किलोमीटर मारून येतं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. हा थकवा झोपून जात नाही, थोड्या पण नियमित व्यायामाने कमी होतो. सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने करा आणि हळूहळू आठवड्यातून तीन दिवस तीस मिनिटांवर या. दोन दिवस ताकदीचे व्यायाम: हात न टेकता खुर्चीतून उठबस, भिंतीला हात लावून टाचा उचलणं. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळीही थकवा उरला असेल तर पुढच्या वेळी अंतर निम्मं. ताप असेल त्या दिवशी काहीच नाही. छातीत धडधड, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर जागीच थांबायचं.

टेरी फॉक्सचं नाव इथे निघतंच. कॅन्सरमुळे उजवा पाय गुडघ्याच्या वर कापलेला हा कॅनेडियन मुलगा कॅन्सर संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून १२ एप्रिल १९८० ला कॅनडाच्या पूर्व टोकाच्या सेंट जॉन्स शहरातून निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं, कारण कॅन्सर फुप्फुसांत पसरला होता. पण त्याने त्याआधी वर्षभराहून जास्त सराव केला होता आणि निघण्यापूर्वी हृदयतज्ज्ञांची तपासणीही करून घेतली होती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या नावाने होणाऱ्या दौडीत स्पर्धा नसते, हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्हीही नंबर काढू नका.

आता माइकवर काय बोलायचं. "मी लढलो आणि जिंकलो" एवढंच नको. त्याच्या वॉर्डातली काही मुलं आज नाहीत, ती कमी लढली असं नव्हे. त्यापेक्षा उपयोगाचं सांगावं. टेरीचंच घ्या: गुडघा दुखत असूनही तो बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत खेळत राहिला आणि मार्च १९७७ मध्ये हाडाचा कॅन्सर निघाला. वाढत्या वयात गुडघ्याजवळचं दुखणं खेळताना लागलेल्या मारावर ढकललं जातं. मार बहुतेक वेळा विश्रांतीने उतरतो. रात्री झोपेतून उठवणारं, आठवडे उलटले तरी वाढत जाणारं, सुजेसह आलेलं दुखणं एक्स-रे मागतं. तसंच कारण न कळणारा ताप, फिकटपणा, अंगावर विनाकारण निळे डाग, न दुखणारी वाढती गाठ, सकाळची डोकेदुखी आणि उलटी, लहान बाळाच्या बुबुळात फोटोत दिसणारी पांढरी चमक, यांतलं काही दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचं. मैदानावर मुलं, पालक आणि प्रशिक्षक तिघेही असतात, म्हणून हे तिथेच सांगायचं.

आणि तारीख ठरवताना एक बघा. फॉलो-अपचं स्कॅन आणि दौड एकाच आठवड्यात ठेवू नका. स्कॅनआधी या मुलांची झोप उडते, जेवण कमी होतं. रिपोर्ट हातात आल्यावर किमान दोन आठवडे जाऊ द्या, आणि तोपर्यंत पोस्टरवर त्याचा फोटो छापायला देऊ नका. त्याने आयत्या वेळी नाही म्हटलं तर ते नाही तसंच्या तसं मान्य करता आलं पाहिजे.