बेवारस स्वॅप

डेटाबेस पुन्हा मेला तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: रॅम वाढवा. 16 जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर, 4 जीबी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आणि तो काठोकाठ भरलेला. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ओओएम किलरची नोंद होतीच. मेमरी संपली की तो साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, बळी घेतो. डेटाबेस समोर असताना त्याला दुसरं कोण दिसणार?

नुसता स्वॅप भरलेला दिसला म्हणून मी घाबरत नाही. कोणाला न लागणारी पेजेस (मेमरीचे छोटे तुकडे) डिस्कवर गेली असतील तर खुशाल पडून राहू देत. बघायचे ते व्हीएमस्टॅट या कमांडमधले एसआय आणि एसओ हे रकाने: स्वॅपमधून रॅममध्ये किती आलं आणि रॅममधून स्वॅपमध्ये किती गेलं. इथे मात्र दोन्ही आकडे सतत हलत होते, म्हणजे पेजेसची ये-जा अखंड चालू.

प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधला व्हीएमस्वॅप, म्हणजे तिच्या नावावरचा स्वॅप, काढून बेरीज मारली. जेमतेम 300 एमबी! उरलेल्या साडेतीन जीबीहून जास्त स्वॅपला कोणी वालीच नाही. एक सहकारी म्हणाला, "स्वॅपऑफने स्वॅप बंद करून परत चालू करू, होईल रिकामा." होईल की, पण त्यातलं सगळं आधी रॅममध्ये मावायला हवं. नाही मावलं तर ओओएम किलरला आपणच आवतण दिल्यासारखं. त्याला थांबवलं.

प्रोसेसच्या नावावर नाही, तरी स्वॅपमध्ये जाते, अशी मेमरी कोणती? टीएमपीएफएस, म्हणजे डिस्कऐवजी मेमरीत फाइली ठेवणारी फाइलसिस्टिम. जागा किती भरली ते दाखवणारं डीएफ मारलं तर /डेव्ह/एसएचएम हे टीएमपीएफएस फोल्डर 8 पैकी 7.4 जीबी भरलेलं. आत रिपोर्टच्या तात्पुरत्या फाइलींचा ढीग, काही तर कित्येक आठवड्यांच्या. रिपोर्टची स्क्रिप्ट वेगासाठी तिथे लिहायची आणि शेवटी साफसफाईही करायची. पण टाइमआउट झाला की तिला ठरल्या वेळी चालवणारा शेड्युलर थेट किल -9 करायचा, म्हणजे आवरायची संधी न देता मारायचा. मग ती शेवटची ओळ चालणार कशी?

दिसायला हे साधं फोल्डर, पण राहतं मेमरीत. लिहिणारी प्रोसेस मेली तरी फाइल जिवंत. पेज कॅशसारखी (डिस्कवरच्या फाइलींच्या मेमरीतल्या प्रतींसारखी) ती टाकूनही देता येत नाही, कारण तिची दुसरी प्रत कुठेच नसते. कर्नल तिला फार तर स्वॅपमध्ये ढकलतो. कर्नलच्या मेमइन्फो या मेमरीच्या हिशोबातला शेअर्ड मेमरीचा आकडाही (टीएमपीएफएस त्यातच मोजलं जातं) फसवतो, तो फक्त रॅममध्ये उरलेला भाग दाखवतो. म्हणजे डेटाबेसचा जीव घेऊनही या ढिगातली एक फाइल हलत नव्हती.

कोणी उघडी धरलेली नाही हे एलएसओएफने बघून जुन्या फाइली उडवल्या आणि स्वॅप तिथल्या तिथे उतरला. स्क्रिप्ट आता डिस्कवर लिहिते. शेड्युलर आधी सिगटर्म, म्हणजे थांबण्याची सूचना, पाठवतो, आवरायला 30 सेकंद देतो, मगच मारतो. डिस्कचे अलर्ट लावताना टीएमपीएफएस वगळण्याची जुनी सवय असते. आमच्या मॉनिटरिंगमध्येही ते वगळलेलंच होतं. तो फिल्टर त्याच दिवशी काढला.