तुम्ही विचारलंत म्हणून: तो बाहेर बोलला, मग आत का काढलं?

"तो काही आपल्या रिपॉझिटरीत बोलला नव्हता. मग त्याचे कमिटचे हक्क काहून काढले?" नागपुरात शंकरनगरच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, पुण्याहून आलेल्या फोनवर, सगळीकडे हेच. (रिपॉझिटरी म्हणजे आमच्या टूलचा कोड आणि त्यावरची चर्चा राहते ती जागा; कमिटचे हक्क म्हणजे त्या कोडात थेट बदल करायची मुभा.) दरवेळी अर्धवट उत्तर देऊन मी थकलोय. आज पूर्ण सांगतो.

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणायचं आमचं टूल तुम्हाला माहीत आहे. २०२४ मध्ये आमच्या एका मेंटेनरनं, म्हणजे इतरांचा कोड तपासून आत घेणाऱ्यानं, टेलिग्रामच्या खाजगी ग्रुपमध्ये एका विद्यार्थ्याच्या आडनावावरून घाण लिहिलं. त्या पोरानं आमच्याकडे एक बग नोंदवला होता, एवढाच त्याचा गुन्हा. ग्रुपमध्ये आमचे नऊ जण होते. स्क्रीनशॉट पोरापर्यंत पोचला. मी हक्क काढले.

पण तुम्ही विचारता ते २०२४ चं, आणि माझ्या डोक्यात असतं २०२२ चा मे महिना.

तेव्हा एक मुलगी आमच्यासोबत काम करत होती. 'वार्षिक' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी 'ष'च्या आधी टाइप होते आणि रफार 'ष'च्या नंतर. युनिकोडला नेमकं उलटं लागतं: र् आधी, मग ष, मग वेलांटी. दोन्ही एकाच अक्षरावर आले की आमचं टूल शब्दाचा चेंदा करायचं. मी सहा महिने त्यात डोकं घातलं होतं. तिनं ते सोडवलं, जोडाक्षरांच्या चाचण्यांसकट.

दुपारचे चार वाजले असतील, ऊन मरणाचं. टपरीच्या ताडपत्रीखाली तिनं फोन माझ्यासमोर धरला. कॉलेजच्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप, त्यातले तिघं आमचेच. एकानं लिहिलं होतं, 'हिचा पॅच नाही, कास्ट सर्टिफिकेट मर्ज झालं.' (पॅच म्हणजे कोडातली दुरुस्ती, मर्ज म्हणजे ती मूळ कोडात घेणं.) खाली हसणारे चेहरे. मी ते मोजले, सात होते. का मोजले, माहीत नाही.

ती म्हणाली, "दादा, हेच तिघं माझा कोड रिव्ह्यू करून राहिले."

मी विचारलं, "आपल्या रिपॉझिटरीत काही झालं का?"

"नाही."

मग मी माझ्या फोनवर आमची आचारसंहिता उघडली आणि तिला वाचून दाखवली. आम्ही कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट या, अनेक सॉफ्टवेअर प्रकल्प वापरतात त्या तयार आचारसंहितेची २.१ आवृत्ती घेतली होती. व्याप्तीचं कलम सांगतं की नियम प्रकल्पाच्या जागांमध्ये लागू, आणि बाहेर कुणी प्रकल्पाचं अधिकृत प्रतिनिधित्व करत असेल तेव्हा. ग्रुप खाजगी, प्रतिनिधित्व नाही, विषय संपला. त्याच आवृत्तीत, भेदभाव नको म्हणणाऱ्या यादीत, वंशाच्या शेजारी जात हा शब्द आहे. दीक्षाभूमीच्या गावात बसून मी तो ओलांडून खालच्या कलमावर गेलो.

तिनं फोन पर्समध्ये टाकला. चहा अर्धा राहिला होता. आठवड्याभरात तिनं आपली उघडी पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड आत घ्या अशी विनंती, स्वतःच बंद केली. कारण लिहिलं, 'वेळ नाही.'

मी तेव्हा दुष्टपणा केला नाही, हे मला अजूनही म्हणावंसं वाटतं. २०१५ मध्ये ओपल या सॉफ्टवेअर प्रकल्पावरून जो वाद झाला तो मी जवळून वाचला होता: एका योगदानकर्त्याची ट्विटरवरची मतं पटली नाहीत म्हणून त्याला प्रकल्पातून काढा, अशी मागणी होती. मी तेव्हा तावातावानं म्हणत होतो, कोड बघा, माणसाच्या घरात शिरू नका. त्या भीतीत तथ्य आहे. लिनक्स कर्नलसारख्या मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आचारसंहितेसाठी असते तशी वेगळी समिती आमच्याकडे नाही. मी आणि दोन मित्र, तेच फिर्याद ऐकणार, तेच निकाल देणार. अशा तिघांच्या हाती लोकांचं सगळं आयुष्य द्यावं, असं मला आजही वाटत नाही. म्हणूनच गेल्या वर्षी कुणाच्या तरी जुन्या निवडणुकीच्या पोस्ट घेऊन तक्रार आली, ती मी परत पाठवली. त्या पोस्टमध्ये आमच्यातल्या कुणाचं नाव नव्हतं, कुणाच्या कामावर बोट नव्हतं.

मी आता एवढंच बघतो: बोलणाऱ्याच्या हातात ज्याचं काम आहे, त्याच्याबद्दलच तो बोललाय का? रिव्ह्यू करणारा माणूस संध्याकाळी ग्रुपमध्ये एक आणि सकाळी रिपॉझिटरीत दुसरा, असा होत नाही. पण ही रेघही सरळ नाही. त्याच माणसानं कुणाचंही नाव न घेता एका अख्ख्या जातीबद्दल तेच लिहिलं असतं तर? तेव्हा त्या विद्यार्थ्यानं त्याच्याकडे पॅच पाठवला असता का? मला वाटतं, नसता पाठवला. मग मी काय केलं असतं? यावर माझं आणि माझं रोज भांडण चालू आहे.

आणि हो, तुमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे की मी २०२२ चं पाप २०२४ मध्ये दुसऱ्याच्या डोक्यावर फेडलं. असेल. त्यानं लिहिलेलं त्यामुळे बरं ठरत नाही.

हक्क काढले त्या रात्री मी तिला मेल केला. काय केलं ते सांगितलं, तिची माफी मागितली, परत ये म्हटलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: "दादा, मधल्या काळात कलम बदललं का?"

बदललं नव्हतं. मी तिला तेच कळवलं.