तळ्याकाठी एक रात्र, नदीकाठी दोन

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गाडीच्या नंबरप्लेटवरच '१०,००० लेक्स' असं लिहिलेलं असतं. दहा एकरांपेक्षा मोठी तेवढीच धरली तरी खरा आकडा ११,८४२ निघतो, आणि मिनियापोलिसमध्ये येऊन दोन वर्षं झाली तरी आम्ही त्यातल्या एकाही तळ्याकाठी रात्र काढली नव्हती. कॅम्पिंग म्हटलं की आमच्या ग्रुपमध्ये यलोस्टोन नाहीतर लेक सुपिरियरच, म्हणजे आठवड्याची सुट्टी काढा, चार फॅमिल्यांचं जमवा, हॉटेलं बघा, आणि मग ते जमतच नाही. शेवटी २०१९ च्या जूनमध्ये नवरा म्हणाला की आपण तिघंच जाऊया, शहराच्या अगदी जवळ, नाही जमलं तर तासाभरात घरी परत. ते 'तासाभरात घरी परत' ऐकूनच मी हो म्हणाले आणि अजूनही नवीन माणसाला हेच सांगते, पहिला टेंट घराजवळ लावा.

गेलो बेकर पार्क रिझर्व्हला. मिनियापोलिसच्या पश्चिमेला, लेक इंडिपेंडन्सच्या काठावर. साइट म्हणजे काय तर एक नंबर लिहिलेला खांब, एक लाकडी पिकनिक टेबल, आग पेटवायला लोखंडी कडं आणि टेंटपुरती मोकळी जागा, बस. संडास आणि नळ थोडं चालून गेलं की. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची, तिला तो नंबरचा खांब इतका आवडला की 'हे आपलं घर' म्हणून ती त्याला हात लावूनच उभी. जूनमध्ये इथं सूर्य नऊनंतर मावळतो आणि पूर्ण अंधार पडायला दहा वाजतात, त्यामुळे संध्याकाळ संपतच नाही. मुलं पाण्यात, कुणी गळ टाकून बसलेलं, कुणी सायकलवर, आणि तळ्याचं पाणी असं की एक पान पडलं तरी दिसावं.

डासांचं मात्र सांगायलाच हवं. मिनेसोटात डास हा गंभीर विषय आहे, इथं १९५८ पासून सात काउंट्यांसाठी फक्त डासांसाठीचा सरकारी विभाग आहे आणि ते उन्हाळ्यात हेलिकॉप्टरमधून दलदलीवर औषधाचे दाणे टाकतात. तरीसुद्धा सूर्य मावळताना तासभर असा येतो की डीट नाहीतर पिकारिडिनचा स्प्रे, पूर्ण बाह्या आणि मोजे हे नसेल तर बसवत नाही. गवतातून चालून आलात तर रात्री मुलांच्या गुडघ्यामागे, कानामागे, केसांत टिक्स बघायच्या, गोचिडाचाच प्रकार तो, इथल्या काही गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होतो. हे आम्ही दर वेळी करतो, कंटाळा आला तरी.

आणि मग काजवे आले. आधी एक, मग चार, मग झाडांच्या खालची सगळी काळी पट्टी लुकलुकायला लागली. पुण्यात असताना मी मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला गेले होते, तिथं अख्खी झाडंच्या झाडं एका तालात पेटतात-विझतात, इथले तसे नव्हते, गवतावरून एकेकटा उडत उडत वर जाताना उजेडाची रेघ ओढायचा. पण मुलीने आयुष्यात पहिल्यांदा बघितले आणि ती एकदम हळू आवाजात बोलायला लागली, जोरात बोललं तर विझतील म्हणून.

रात्री दोनला पाऊस. टेंट चांगला होता, वरून थेंबही आला नाही, खालून आलं सगळं. आम्ही टेंटखाली घालायचं प्लास्टिक टेंटपेक्षा मोठं घेतलेलं आणि त्याच्या कडा बाहेर राहिल्या होत्या, तर पाऊस त्या कडांवर पडून सरळ आमच्या खाली वाहत आला, शिवाय जागा निवडताना सपाट म्हणून नेमका खोलगट भाग निवडलेला. अर्ध्या तासात गाद्या भिजल्या. तिघं गाडीत बसून झोपलो. तेव्हापासून नियम असा की प्लास्टिक टेंटच्या तळापेक्षा चार बोटं आत दुमडायचं, आणि टेंट लावायच्या आधी जमिनीवर आडवं पडून बघायचं, पाठीला उतार कळतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीला पूर आला. आमचं माहेरचं घर नदीपासून लांब नाही. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना एकच विचारतात, 'आयर्विनला किती?' म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट. ४५ ला धोका म्हणतात, त्या वर्षी ५७ च्या वर गेली. आईबाबा वरच्या मजल्यावर, खाली कमरेच्या वर पाणी, आणि मी इथं मिनियापोलिसमध्ये रात्रभर फोन धरून. घर नंतर धुतलं, रंगवलं, सगळं झालं. पण आई, जी लहानपणापासून घाटावर जाणारी, ती नंतर नदीकडे जाईना. 'बघवत नाही' एवढंच म्हणायची.

म्हणून २०२२ मध्ये ती इथं आली तेव्हा ऑगस्टमध्ये नदीकाठचं बुकिंग करू की नको यावर आमचं बरंच बोलणं झालं. मीच शेवटी तिला विचारलं. ती म्हणाली, 'तुमची नदी वेगळी, माझं भांडण तिच्याशी नाही.'

विल्यम ओब्रायन स्टेट पार्क. मिनियापोलिसहून पाऊण-एक तास, सेंट क्रॉय नदीच्या काठावर, पलीकडचा काठ म्हणजे विस्कॉन्सिन. ओब्रायन हे इथले लाकडाचे मोठे व्यापारी. त्यांच्या मुलीने, ॲलिसने, वडिलांच्या आठवणीसाठी १९४५ मध्ये १८० एकर जमीन दिली आणि १९४७ मध्ये पार्क झालं, आतल्या छोट्या तळ्याला तिचंच नाव आहे, लेक ॲलिस, पोहायला तिथं जातात. स्टेट पार्कला गाडीचं परमिट लागतं, तेव्हा दिवसाचं ७ डॉलर आणि वर्षाचं ३५ होतं, तर पाच-सहा वेळा जायचं असेल तर सरळ वर्षाचं घ्या. साइट १२० दिवस आधी बुक करता येते आणि उन्हाळ्यातल्या शनिवारच्या चांगल्या जागा बुकिंग उघडतं त्या दिवशी सकाळीच जातात, मी एप्रिलमध्ये गजर लावून बसले होते. (नंतर या पार्कमध्ये व्हीलचेअरवरच्या लोकांना सगळीकडे जाता यावं म्हणून मोठं काम काढलं, तर जायच्या आधी कुठला भाग उघडा आहे ते बघून घ्या.)

सरपण घरून नेऊ नका, ते पार्कच्या ऑफिसमधून घ्या. आईला हे पटेना, आमच्या मागच्या अंगणात एवढी फांद्यांची रास पडलेली. कारण असं की ॲश नावाच्या झाडाला पोखरणारा एक चकचकीत हिरवा किडा आहे, आशियातून आलेला, २००२ मध्ये डेट्रॉइटकडे सापडला आणि २००९ मध्ये आमच्या शेजारच्या सेंट पॉल शहरात. किडा स्वतः फार लांब उडत नाही, माणसं लाकडाच्या मोळीतून त्याला गाडीत बसवून नेतात. आमच्या गल्लीतली ॲशची झाडं एकेक करून तोडली ती याच्याचमुळे, उन्हाळ्यात रस्त्यावर सावली राहिली नाही. हे सांगितल्यावर आईने मोळी स्वतः उचलून आणली.

टेंट लावत होतो तर आई दिसेना. बघते तर ती पाण्याच्या बाजूच्या झाडांत एकेका बुंध्याला हात लावत फिरतेय. नदीकाठच्या सखल पट्ट्यात सिल्व्हर मेपल आणि कॉटनवुडची मोठाली झाडं आहेत आणि त्यांच्या सालीवर जमिनीपासून वर एक फिकट राखाडी रेघ असते, वसंतात बर्फ वितळून नदी चढते तेव्हा चिखलाचं पाणी जिथपर्यंत उभं राहतं तिथपर्यंत. मी इतक्या वेळा आले होते आणि कधी बघितली नव्हती. आईने एका बुंध्यावर ती बोटाने दाखवली, माझ्या छातीएवढी. सालीच्या भेगांत वाळलेला गाळ अजून भरलेला, नखाने खरवडला की पीठ व्हायचा. 'आपल्या जिन्यात अशीच आहे बघ,' म्हणाली, 'रंग दिला तरी वर येते.' मग विचारलं, 'आता पाऊस आला तर किती चढतं?' मी म्हटलं ऑगस्टमध्ये नाही चढत गं, पाणी बघ किती खाली आहे, मधे वाळू उघडी पडलीय. तिने ऐकून घेतलं. संध्याकाळी वीतभर काडी आणून बरोबर पाण्याच्या कडेला रोवली आणि काही न बोलता येऊन बसली.

पाण्याचा रंग कोऱ्या चहाचा. घाण नाही ती, उत्तरेकडच्या दलदलीतून झाडपाल्यातला टॅनिन उतरतो, ओंजळीत घेतलं तर स्वच्छ दिसतं. १९६८ मध्ये अमेरिकेने ज्या पहिल्या आठ नद्या कायद्याने राखून ठेवल्या त्यात ही एक, वरचा भाग तेव्हाच आणि हा खालचा नंतर, म्हणूनच शहराच्या इतकं जवळ असून काठावर इमारती दिसत नाहीत. आणि हीच नदी त्याआधी नुसती लाकडाच्या ओंडक्यांनी भरून वाहायची, दोन मैलांवर मरीन नावाचं गाव आहे तिथं १८३९ मध्ये मिनेसोटातली पहिली व्यापारी लाकडाची गिरणी सुरू झाली. उत्तरेकडची पाइनची जंगलं ह्याच पाण्यावरून गेली. आज बघितलं तर पटत नाही.

रात्रीच्या जेवणाला घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि रस्त्यात एका शेतकऱ्याच्या टेबलावरून घेतलेली मक्याची कणसं. सालीसकट अर्धा तास पाण्यात भिजवायची आणि सालीसकटच निखाऱ्यावर ठेवायची, करपत नाहीत, मग साल काढून लिंबू, तिखट, मीठ. खाऊन झालं की सगळं गाडीत, अगदी टूथपेस्टसुद्धा, रकून फार हुशार असतात आणि डब्याची झाकणं उघडतात. दहानंतर सगळीकडे शांत व्हायचं हा नियम, आणि लोक पाळतात. त्या शांततेत पलीकडून घुबड ओरडायला लागलं, बार्ड आउल, आठ सुरांचं त्याचं ठरलेलं, शेवटचा सूर लांबवत खाली सोडतं. मुलगी आज्जीला चिकटली. आई म्हणाली, 'ओरडू दे, आपणच त्याच्या घरी आलोय.'

पहाटे तीनला वीज आणि धो धो पाऊस. या वेळी आत थेंब नाही, खालूनही नाही. पण आई उठून बसलेली, अंधारात, टेंटच्या चेनवर हात ठेवून. मी तिला झोप म्हटलं नाही, मी पण बसले. नवरा म्हणाला, आई, गाडीत बसूया का? ती म्हणाली, 'नको, ऐकतेय.' पुराचं पाणी कसं येतं ते तिने तेव्हा सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आवाज करत येत नाही म्हणे. आधी मोरीतून वर येतं, मग उंबऱ्याखालून पातळ चादरीसारखं सरकतं, आणि मांजर जिन्यावर जाऊन बसतं. पाऊस तासाभराने थांबला आणि झाडांवरून थेंब गळत राहिले.

उजाडताच ती चपला घालून नदीकडे निघाली, मी मागून. काडी होती. पाणी काडीच्या पुढे आलेलं, आईने वाकून बोटं लावली. 'दोन बोटं,' म्हणाली. 'एवढ्या पावसाला दोन बोटं.' मग तिथंच एका ओंडक्यावर बसली, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पाण्यात सोडले, आणि धुक्यातून एक मोठा करडा बगळा समोरच्या वाळूवर उतरला तो आम्ही दोघी बराच वेळ बघत बसलो. मी स्टोव्ह तिथंच आणून आल्याचा चहा केला.

दिवसा मग पार्कातून भाड्याने कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेतली, ग्रीनबर्ग नावाच्या बेटाला वळसा घालून आलो, आई मधे बसली लाइफ जॅकेट घालून (दहा वर्षांखालच्या मुलांना तर ते कायद्यानेच लागतं). दुपारी वरती टेलर्स फॉल्सच्या इंटरस्टेट पार्कला जाऊन आलो. तिथं हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्याने गोटे फिरवून फिरवून काळ्या दगडात खोल विहिरी पाडल्यात, एक तर ६० फूट खोल. बघितल्या बघितल्या मला निघोजचे रांजणखळगे आठवले, कुकडीच्या पात्रातले, तोच प्रकार आणि दगड पण तोच, बेसॉल्ट, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा ११० कोटी.

परत आलो तेव्हा सहा वाजले होते. मुलगी धावत काठावर गेली आणि ओरडली की पाणी परत खाली गेलंय, काडी काढू का? आई टेबलावर कांदा चिरत होती, तिथूनच म्हणाली, 'राहू दे गं, अजून आजची रात्र आहे.'