सहावी बिजागरी, आणि खटका का काढला

मागच्या नोंदीत पाचव्या बिजागरीपाशी थांबलो होतो. ती अजून आहे, फ्रिजवर लोणच्याच्या बरणीशेजारी, एका बाजूला मान टाकून. सहावी मात्र गेले तीन आठवडे रोज हातात आहे, म्हणून आज जरा सविस्तर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: घडीचा गेमर बनवतोय, म्हणजे झाकण मिटून ठेवता येणारं, हातात धरून गेम खेळायचं यंत्र. पडदा ३.५ इंची, ६४० बाय ४८०, आयपीएस. आत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’). खोका घरच्या थ्रीडी प्रिंटरवर, सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी, ओट्याला लागून असलेल्या टेबलावर. फोडणी आणि सोल्डरिंग एकाच वेळी करायचं नाही, हा घरातला नियम आहे.

घडीच कशाला, असं मेहुण्यांनी विचारलं होतं. पडद्याला ओरखडे पडत नाहीत आणि खिशात बसतो, हे उत्तर सगळे देतात. माझं कारण वेगळं आहे. २००१ च्या गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नव्हता. दिव्याखाली बसून अख्खं यंत्र वाकडंतिकडं करायचं, म्हणजे चित्र दिसायचं. चित्रासाठी मनगटं मुरगाळायची. २००३ साली त्याचीच पुढची आवृत्ती, एसपी, आली. त्यात समोरून उजेड होताच, शिवाय घडी आली आणि पडद्याचा कोन हातांच्या कोनापासून सुटा झाला. १९८२ च्या दोन पडद्यांच्या गेम अँड वॉचमध्येही घडी होती, पण हाताला एक कोन आणि डोळ्याला दुसरा ही सोय मला एसपीमुळे कळली. बिजागरीचं खरं काम हे. झाकण लावणं हा वरकड फायदा.

आता पहिल्या पाच बिजागऱ्या कशा मेल्या ते भराभर सांगतो.

पहिल्या दोन झाकणासकट एकाच प्रिंटमध्ये काढल्या. झाकण प्रिंटरच्या बेडवर आडवं, बिजागरीच्या नळ्याही आडव्या. दिसायला देखण्या आणि दोन्ही एकाच जागी तुटल्या, नळी जिथे झाकणाला मिळते त्या मानेत, थराच्या रेषेवर, बिस्किट मोडावं तशा. आडव्या नळीत थर एकमेकांपासून सुटायच्या दिशेनेच ओढ बसते. नळ्या वेगळ्या, उभ्या करून छापल्या की थर नळीभोवती कड्यासारखे बसतात, मग ओढ धाग्याच्या लांबीवर येते. तिसऱ्यापासून नळ्या उभ्याच छापतो आणि पितळी इन्सर्टमध्ये (प्लास्टिकमध्ये बसवलेल्या आट्यांच्या नळकांड्यांत) एम २ चे स्क्रू मारून झाकणाला जोडतो. तिसरी तुटली नाही, वितळली. एप्रिलात दुपारी स्कूटरच्या डिकीत राहिली होती. पीएलए हे छपाईचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि सांगलीच्या उन्हात बंद डिकीला तिथवर जायला वेळ लागत नाही. संध्याकाळी काढली तर इन्सर्ट तिरके आणि झाकणाला पापडासारखी लाट. तेव्हापासून पीईटीजी, जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक.

चौथी आणि पाचवी टॉर्कसाठी होत्या, म्हणजे झाकण फिरवायला लागणाऱ्या जोरासाठी. इथून पुढे जरा थांबून वाचा, कारण दोन महिने यातच गेले.

झाकण हवं तिथे थांबायला किती घट्टपणा लागतो, याचा हिशोब सोपा आहे. माझं झाकण आता ८२ ग्रॅमचं, त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४.२ सेंटिमीटरवर. झाकण आडवं असताना ओढ सगळ्यात जास्त, ८२ गुणिले ४.२, म्हणजे साधारण ३४४ ग्रॅम-सेंटिमीटर. एवढ्याने झाकण जेमतेम तरंगतं. एसटी मिरजेच्या रस्त्यावर एका खड्ड्यातून गेली की खाली. मी दुप्पट ते अडीचपट धरतो. त्याहून जास्त केलं तर उघडताना दुसऱ्या हाताने खालचा भाग दाबून धरावा लागतो.

मोजायला महागडं काही लागत नाही. झाकण हवेत आडवं करा, कडेला दोऱ्याने प्लास्टिकची पिशवी टांगा आणि त्यात एकेक शेंगदाणा टाकत जा. झाकण घसरलं की थांबा, पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. सहाव्या बिजागरीला ५५ ग्रॅम दाणे लागले. दोरा बिजागरीपासून ८ सेंटिमीटरवर, म्हणजे ४४०, त्यात झाकणाचे स्वतःचे ३४४ मिळवले की ७८४. पाहिजे तेवढंच. (दाणे भडंगासाठी आणलेले होते. मोजमाप झाल्यावर परत डब्यात गेले, याला दोन साक्षीदार आहेत.)

चौथ्यात साधी युक्ती होती: ३ मिलिमीटरची स्टीलची दांडी, दोन्ही बाजूंना वॉशर, एका टोकाला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा). पहिल्या दिवशी झकास. मग रोज थोडं ढिलं. कारण सापडायला लाज वाटावी इतका वेळ लागला. झाकण फिरताना वॉशरला सोबत नेतं, वॉशर नटला. उघडताना नट आवळला जातो आणि मिटताना सुटतो, पण दोन्ही सारखं होत नाही. उपाय जुनाच आहे. दांडीला एका बाजूने सपाटी मारायची, वॉशरचं भोकही तसंच इंग्रजी डी सारखं करायचं, म्हणजे वॉशर दांडीवर फिरतच नाही. त्यासाठी कुपवाडच्या एमआयडीसीत ओळखीच्या लेथवर गेलो. मिस्त्रींनी तळहातावर दांडी घेतली, उजेडात धरली, परत माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ह्ये घड्याळजीचं काम हाय. आमच्याकडं शाफ्ट येत्यात, सुया न्हाईत."

तरी करून दिलं, आणि चहाही तेच सांगत होते. पाचवी या दांडीवर उभी राहिली. ढिली पडली नाही, पण हवा तो घट्टपणा आणायला नट इतका आवळावा लागला की पीईटीजीची नळी दाबाखाली हळूहळू बसत गेली. प्लास्टिकवर सतत दाब ठेवला की ते सरकत राहतं, आजचं माप उद्या राहत नाही. महिनाभरात मान टाकली. म्हणून फ्रिजवर.

सहावीची कल्पना मिरजेत सुचली. बहिणीचा तंबोरा दुरुस्तीला टाकायचा होता म्हणून सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. चाचा खुंटी बसवत होते. खुंटी काढली, बुंध्यावर खडू घासला, भोकात घातली आणि फिरवता फिरवता आत रेटली. तार ताणली, सूर थांबला. मी इकडे दोन महिने नट आवळतोय, आणि इथे लाकडात लाकूड, ना स्क्रू ना स्प्रिंग, आणि तारेचा एवढा ताण धरून बसलंय.

"चाचा, ही आवळायची कशी?"

"खुंटी आवळत नसतात, बसवत असतात. घसरली तर खडू, फिरेना झाली तर साबण."

खुंटीचा बुंधा निमुळता असतो, भोकही तसंच. आत थोडं रेटलं की बाजूच्या भिंतींवर कितीतरी पट दाब येतो, पाचर मारल्यासारखा. आणि झिजली तरी बिघडत नाही, थोडी आणखी आत जाते, नवी जागा धरते. माझ्या सपाट वॉशरना नेमकं हेच जमत नव्हतं.

मग पितळेचा शंकू, स्टीलची बैठक, मागून डिस्क स्प्रिंग. पहिला शंकू मी खुंटीसारखाच बारीक उताराचा काढून घेतला, दहाला एक. रात्री मिटून ठेवला, सकाळी उघडेना. अगदी बारीक उतार स्वतःच अडकून बसतो, मागचा दाब काढला तरी सोडत नाही. खुंटीला तेच हवं असतं, मला नको होतं. दुसरा शंकू अक्षापासून १५ अंशांचा केला. त्याने मागच्या दाबाचा सुमारे चौपट दाब भिंतीवर येतो आणि तो अडकत नाही. सपाट वॉशरांना प्रत्येक बाजूला ५० न्यूटनच्या आसपास रेटा लागत होता, इथे २२ मध्ये भागलं. तोही दाब आता पितळ आणि स्टील आपसांत सोसतात, प्लास्टिकवर येत नाही. ग्रीस अगदी टाचणीच्या टोकाएवढं. मिस्त्री या वेळी काही बोलले नाहीत, फक्त शंकू बोटांत फिरवून पाहिला आणि "ह्ये बरं हाय" म्हणाले. कुपवाडात याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

वायरीचंही मिटलं. आधी पाय खालच्या भागात होता, त्यामुळे पडद्याची ४० पिनांची चपटी पट्टी बिजागरीतून न्यावी लागे. अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने ४० पिना म्हणजे पट्टी वीस मिलिमीटरहून रुंद, ती आठ मिलिमीटरच्या नळीतून कुठे जाणार? बाहेरून नेली तर दर उघडझापीला एकाच रेषेवर दुमडते आणि तिथेच मरते. आता पाय झाकणात पडद्यामागे गेला. खालच्या भागात बटणं वाचायला एक पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर) ठेवला, तो यूएसबीने बोलतो, म्हणजे बिजागरीतून फक्त चार वायरी. त्या पोकळ दांडीतून अक्षाला समांतर नेल्या, त्यामुळे त्या दुमडत नाहीत, पिळल्या जातात. सहा सेंटिमीटर लांबीवर दीडशे अंशांचा पीळ म्हणजे सिलिकॉन वायरीला अंग मोडल्यासारखं. झाकण ६८ ग्रॅमचं ८२ झालं ते यापायी.

झाकण मिटल्यावर यंत्राला झोपायला लावणारा हॉल सेन्सरही बसवला, तो चुंबक जवळ आला की ओळखतो. त्यातला ए ३१४४ हा प्रकार घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: त्याला किमान साडेचार व्होल्ट लागतात, ३.३ वर तो कधी ऐकतो कधी नाही. पाच व्होल्ट द्या आणि आउटपुटचा पुल-अप (वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) ३.३ ला बांधा.

आता कोन. पाचव्यापर्यंत माझ्या बिजागरीत १५० अंशांवर खटका होता, स्प्रिंगवरची गोळी खाचेत पडायची. मला तो आवाज फार आवडायचा. उघडताना "खट्" झालं की यंत्र तयार आहे असं वाटतं. म्हणून सहाव्यातही खाच ठेवायची होती, फक्त ती नेमकी कुठे पाडायची ते पाहायला आठवडाभर खटक्याविना वापरलं आणि घरात ज्याने घेतला त्याने सोडलेला कोन स्केचपेनने नळीवर खुणावत गेलो.

मी खुर्चीत: १४८. पोरगी गादीवर पालथी पडून, यंत्र गादीवर: ११५. आई सोफ्यावर: १६५. आईचं मला नवल वाटलं. मग लक्षात आलं, तिचा चष्मा दुहेरी नंबरचा. जवळचं ती काचेच्या खालच्या भागातून पाहते, म्हणजे नजर जास्त खाली उतरते, आणि पडदा नजरेला काटकोनात यायला तो जास्त मागे झोपावा लागतो.

यातून एक बेरीज हाती लागली. कुणाचाही कोन म्हणजे ९०, अधिक नजर आडव्यापासून किती अंश खाली उतरते ते, अधिक खालचा भाग किती अंश वर चढवून धरलाय ते. मी: ९०, ३० आणि ३०, म्हणजे १५०. आई: ९०, ४५ आणि ३०. पोरगी: ९०, २५ आणि शून्य, कारण यंत्र गादीवर सपाट. करून पाहा, दोन-चार अंशांच्या आत जमतं. आणि एकदा हे मांडलं की दीडशेवर खाच पाडणं म्हणजे चप्पल एकाच मापाची काढण्यासारखं आहे.

तरी मी हट्टाने खाच पाडून पाहिली. रात्री ट्यूबलाइट पडद्यात दिसते. आयपीएस असल्यामुळे रंग तिरक्या नजरेला फारसे बदलत नाहीत, पण वरची काच आरशासारखी, आणि आरसा चार अंश कलला की प्रतिबिंब आठ अंश सरकतं. म्हणजे ट्यूब घालवायला पडदा थोडासाच हलवावा लागतो. आणि नेमकं ते थोडंसं खाच करू देत नाही. १४६ वर नेलं की गोळी ओढून परत १५० वर. चांगली खाच म्हणजे जास्त ओढणारी खाच, आणि जेवढी चांगली तेवढी ट्यूब पडद्यात ठाण मांडून. काढून टाकली.

आता फक्त १७८ वर अटकाव आहे, पूर्ण सपाट होऊन वायरी ताणू नयेत म्हणून. बाकी सगळीकडे शंकू धरतो.

झिजेची चाचणी: झाकणाला एसजी ९० सर्व्हो (छोटी मोटर) जोडला, तीन सेकंदांत एक उघडझाप. रात्री दहाला लावला, बायकोने अकराला बाथरूममध्ये हलवला, सकाळी मोजणी दहा हजार ओलांडून गेली होती. दिवसाला वीसदा उघडलं तर पाचशे दिवसांचं काम. पुन्हा दाणे टांगले: ४७ ग्रॅम. म्हणजे ७८४ वरून ७२०. मागचा स्क्रू पाव फेरा फिरवला, परत ५५. वायरी ठीक.

पोरगी नाराज आहे. "बाबा, खट् कुठं गेला?" तिच्यासाठी झाकणाच्या कडेला ५ मिलिमीटरचे दोन निओडिमियम चुंबक बसवले. मिटताना शेवटच्या दहाएक अंशांत ते ओढून घेतात आणि "टप्" होतं. ती म्हणते हा आवाज वेगळा आहे. आहेच. शिवाय आता मिटतानाच येतो, म्हणून ती नुसतीच उघडून मिटत बसते, आणि माझा पाचशे दिवसांचा हिशोब तिच्या हातात कितपत टिकेल सांगता येत नाही.

पुढच्या नोंदीत एल-आर, म्हणजे मागच्या कडेची डावी-उजवी बटणं. बिजागरीच्या नळ्यांनी मागची सगळी कड खाल्लीये आणि बोटांना नेमकी तीच जागा हवी आहे. तूर्तास दोन्ही बटणं काळ्या टेपने चिकटवलेली आहेत.