तुळजापूर घाटात ब्रेक पेडल मऊ पडलं, तिथून सोलापुरात गाडी दुरुस्त होईपर्यंतचं सगळं

मागच्या महिन्यात आई, काकू आणि पोरांना घेऊन तुळजापूरला गेलो होतो. सोलापूरपासून 45 किमीच्या आसपास, रूपाभवानीच्या देवळावरून सकाळी सहाला निघालो, दर्शन छान झालं, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही. लिहायचंय ते परतीचं, कारण या रस्त्यावर आपली सोलापूरची किती माणसं जुन्या गाड्या घेऊन जातात हे मला माहितीय.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, पुढं डिस्क, मागं ड्रम, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. दुपारी एकचं ऊन, गाडीत पाच जण, घाट उतरताना पुढं एक लोड ट्रक आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सारखा ब्रेकवरच. ही चूक माझी. एका वळणाला पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, पुढच्या वळणाला तर जवळजवळ तळाला टेकलं, पायाखाली स्पंज ठेवल्यासारखं.

तेव्हा केलं ते असं. पेडल पटापट तीन-चार वेळा पंप केलं, थोडा ब्रेक लागला. लगेच दुसरा गिअर, मग पहिला. हँडब्रेकचं बटण अंगठ्यानं दाबून धरून तो हळूहळू ओढला, कारण तो केबलवर चालतो, त्याला ब्रेक ऑइल लागत नाही, पण एकदम खेचला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इंजिन गाडी उभी राहीपर्यंत बंद केलं नाही, बंद केलं की बूस्टर, म्हणजे ब्रेकला जोर देणारा भाग, जातो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. डोंगराच्या बाजूला थांबून चाकांना दगड लावले. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होऊ शकते.

एक जीपवाला दादा थांबला, म्हणाला टोचन लावतो, चला. माणूस चांगला होता पण मी नको म्हणालो. टोचन लावलेल्या मागच्या गाडीला स्वतःचा ब्रेक लागतो, नाहीतर ती उतारावर पुढच्या गाडीवर जाऊन आदळते. ब्रेक गेलेली गाडी वर चढवून नेणाऱ्या टोइंगच्या गाडीवरच आणा. चुलतभाऊ सोलापुरातून येऊन घरच्यांना घेऊन गेला, मी गाडीपाशी थांबलो.

पाऊण तासात चाकं गार झाली आणि पेडल बरंचसं परत आलं, पण पूर्ण नाही. इथंच मला कळलं की कारणं दोन आहेत. गार झाल्यावर परत येतं म्हणजे ऑइल उकळलं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, कोरडं डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेलं 140 लाच उकळू शकतं, आणि वाफ दाबली जाते त्यामुळं पाय आत जातो. पेडल कडक असून गाडी थांबत नसेल तर तो प्रकार वेगळा, तिथं पॅड तापलेले असतात. मग उरलेला मऊपणा कशाचा?

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मिस्त्रीमामांना बोलावलं. मी म्हणालो मामा, हवा काढून टाकू. ते म्हणाले, "हवा कुठनं आली ते बघ की आधी, नुसती हवा काढून काय करालास?" हे वाक्य मला फार पटलं. सहा महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये लेव्हल कमी दिसली म्हणून नुसतं टॉप-अप करून दिलं होतं, आणि ऑइल कुठं गेलं हे कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

मामांची तपासणी साधी. इंजिन बंद, पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवायचा, मग एकसारखा दाब देऊन पाय धरून ठेवायचा. हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठं गळती नसेल तर मास्टर सिलेंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडं ढकलतो त्या भागाचे, आतले रबर गेलेत. पंप केल्यावर वर येतं पण स्प्रिंगसारखं लागतं, तर लायनीत हवा. पहिल्यांदा खोल जातं आणि दुसऱ्यांदा कडक लागतं, तर मागचे लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ॲडजस्ट करायचे राहिलेत. पेडल दाबून धरून स्टार्टर मारल्यावर ते किंचित खाली गेलं तर घाबरू नका, बूस्टर चांगला आहे असा त्याचा अर्थ.

आमचं स्प्रिंगसारखं लागत होतं. ऑइल मिनिममच्या खाली, रंग कोऱ्या चहासारखा. डावं मागचं ड्रम उघडलं तर व्हील सिलेंडरच्या, म्हणजे ऑइलच्या दाबानं लायनर ड्रमवर ढकलतो त्याच्या, रबरी टोपणाखाली ओल, लायनर ऑइलनं भिजलेले. भिजलेले लायनर घासून परत बसवू नका, बदलाच, आणि दोन्ही बाजूंचे. सिलेंडरही आम्ही दोन्ही बदलले. ड्रम मात्र एका वेळी एकच खोला, म्हणजे स्प्रिंगा कशा बसतात ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. चाकाशी हवा काढायचा जो निप्पल असतो त्यावर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, तुटला तर काम वाढतं.

मग हवा काढली. निप्पलवर पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं, भाऊ पेडलवर. दाब, धर, मी निप्पल सोडणार, बंद करणार, मगच तो पाय उचलणार. पाय आधी उचलला तर हवा परत आत. आमच्या गाडीत मास्टर सिलेंडर उजवीकडं असल्यानं सगळ्यात लांबचं डावं मागचं चाक पहिलं, मग उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा, आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तर स्कॅनर लागू शकतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता, जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये पेडल पार तळापर्यंत गेलं की आतले रबर कधी न घासलेल्या गंजक्या भागावरून जातात आणि चांगला सिलेंडर खराब होतो. ब्रेक ऑइलच्या टाकीतली लेव्हल दर पाच-सहा दाबांनंतर बघा, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. ऑइल त्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच आणि सीलबंद बाटलीतलं घ्या, रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

आधी मोकळ्या मैदानात अगदी सावकाश ट्रायल घेतली, मग आठ दिवस गावातच चालवली, लेव्हल रोज बघितली, एक रेघही उतरली नाही. काल परत तुळजापूरला जाऊन आलो. घाट लागायच्या आधीच दुसरा गिअर, ब्रेक थोडा वेळ नीट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. तामलवाडीला उतरून चाकांजवळ हात नेऊन बघितला, नुसती कोमट होती.