आमची वाटचाल : बांधावर वाचलं जाणारं पत्रक

अकोल्यात आमचा छापखाना सुरू झाला तो बिलबुकं आणि लग्नपत्रिकांवर. कृषी सेवा केंद्रांची माहितीपत्रकं नंतर आली, आणि आज पोट त्यांच्यावरच चालतं.

आधी मजकूर तयार यायचा, आम्ही छापायचो. ‘हेक्टरी 500 लिटर द्रावण फवारावे.’ आकडा बरोबर, पण आपला शेतकरी एकरात बोलतो आणि फवारणीचा हिशेब पंपावर करतो. पाठीवरच्या 15 लिटरच्या पंपाने तेच पाणी एकरी साधारण तेरा-चौदा पंप होतं. औषध लिटरला 2 मिली असेल तर पंपाला 30 मिली. हा हिशेब आम्ही पत्रकातच करून द्यायला लागलो, जाणकारांकडून तपासून घेऊन. मजकुरात हात घातला तो तिथून.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याला लागलेली, फवारा थेट तोंडावर येत होता. ‘सुरक्षा साधनांचा वापर करावा’ ही ओळ आधीपासून सगळीकडे छापलेली होतीच. ती वाचून पंप पाठीवर घेतलेल्या माणसाने नेमकं काय करायचं? आम्ही ती काढली आणि लिहिलं : ‘वारा पाठीवर घ्या. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाकातोंडावर मास्क लावा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. तंबाखू मळण्याआधी साबणाने हात धुवा.’ जागा दुप्पट लागते, कागद वाढतो. तरी हीच वाक्यं राहतात.

औषधाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचंही तसंच. लाल, पिवळा, निळा, हिरवा असा विषारीपणा उतरत जातो. पण हिरवा रंग पाहिला की माणूस निर्धास्त होतो. सिग्नलनेच ती सवय लावली आहे. म्हणून हिरव्या त्रिकोणाशेजारी आम्ही ठळक छापतो : ‘हेही विषच आहे.’ काही विक्रेत्यांना ते रुचलं नाही. ‘रामबाण’ आणि ‘हमखास’ छापायला नकार दिल्यावर थोडी गिऱ्हाइकं गेलीही. जी राहिली ती टिकून आहेत.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या पत्रकात ‘प्रादुर्भाव दिसताच’ एवढं म्हणून भागत नाही. काय दिसताच? फूल नीट उमलत नाही, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात, ती डोमकळी. ती तोडून अळीसकट नष्ट करायची. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा. असं लिहिलं की वाचणारा उठून झाडाकडे बघतो.

छपाईआधी प्रत्येक पत्रक आम्ही फवारणी करणाऱ्या एखाद्या माणसाला वाचून दाखवतो आणि विचारतो, ‘भाऊ, आता तुम्ही काय कराल?’ उत्तर अडखळलं की ते वाक्य पुन्हा लिहायचं. यंदापासून सगळ्यात मोठ्या अक्षरांची ओळ पत्रकाच्या माथ्यावर नेली आहे : ‘चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर फवारणी लगेच थांबवा. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना विष कोणतं ते कळेल.’